रेंज गेली तरी दिवा लागेल का?

भोर सोडून वरंध घाटाची वाट धरली, किंवा वेल्ह्याहून (तालुक्याचं नाव आता राजगड) केळदच्या दिशेने निघालं, की मोबाइलच्या रेंजच्या काड्या एकेक करून कमी होत जातात. पावसाळ्यात लाइट गेली की काही वेळाने टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात आणि नेटही जातं. गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी बोलून लागणारे दिवे बसवावेत, असं पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांना वाटणं साहजिक आहे. गुडघे धरलेल्या माणसाला रात्री अंधारात बटण चाचपत उठावं लागू नये, ही गरज खरीच आहे. पण या खोऱ्यांत असा दिवा घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: नेट नसताना तो ऐकेल का?

दिवा लागायला नेट लागत नाही. नेट लागतं ते बहुतेक वेळा ऐकायला. अलेक्सासारखा स्पीकर स्वतःहून ओळखतो तो फक्त त्याला मारलेली हाक. त्यापुढचं ‘ओसरीवरचा दिवा लाव’ हे वाक्य कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जातं, तिथे त्याचा अर्थ लावला जातो आणि मग हुकूम घरी परत येतो. झिग्बी या बिनतारी पद्धतीची सोय आतच असलेल्या अ‍ॅमेझॉनच्या काही इको स्पीकरना नेटविना दिवे लावण्या-विझवण्यापुरतं ऐकता येतं, पण ती सोय मर्यादित आहे. शिवाय काही मोजक्या स्पीकरवर आवाज बाहेर न पाठवण्याचा जो पर्याय होता, तोही अ‍ॅमेझॉनने 28 मार्च 2025 पासून काढून टाकला. म्हणजे या कंपनीचा कल घरातल्या घरात ऐकण्याकडे नाही, हे धरूनच चालावं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाय-फाय आणि इंटरनेट एक नव्हे. बाहेरची लाइन तुटली तरी राउटरला वीज असेल तोवर घरातलं वाय-फाय चालूच असतं. फोन आणि बल्ब एकमेकांशी बोलू शकतात. बरेच स्वस्त वाय-फाय बल्ब मात्र कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय हलत नाहीत. झिग्बीवर चालणारे दिवे किंवा 2022 मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या प्रमाणाचे दिवे घरातल्या घरातच हुकूम घेतात. झिग्बीत तर विजेवर चालणारी बहुतेक उपकरणं पुढच्याला निरोप देतात, त्यामुळे जाड दगडी भिंतींच्या घरात त्याचा चांगला उपयोग होतो.

मग कान घरात आणायचा कसा? सर्वांत साधा उपाय म्हणजे ऑफलाइन आवाज ओळखणारं छोटं मॉड्यूल. डीएफरोबोट या कंपनीच्या अशा एका मॉड्यूलमध्ये 121 ठरीव इंग्रजी आज्ञा आहेत आणि आणखी 17 आपण आपल्या आवाजात शिकवू शकतो. तिथे भाषेची अट नाही, अगदी शिट्टीही चालते. आजीने ‘दिवा लाव’ म्हणून शिकवलं की झालं. पुढे रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), आणि रिलेला दिवा. जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी. आणि आज्ञा शिकवायची ती आजीच्याच आवाजात. पुण्याहून आलेल्या नातवाच्या आवाजात शिकवून उपयोग नाही.

यातली खरी अडचण आपल्याकडच्या पावसाची आहे. तोरण्याच्या पायथ्याला आषाढात पाऊस कोसळतो तेव्हा पत्र्याखाली शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, मग मायक्रोफोनला काय येणार? नेट जाण्याचे आणि आवाज न पोचण्याचे दिवस नेमके एकच. म्हणून भिंतीवरचं बटण कधीही काढू नये. बल्ब साधाच ठेवून बटणामागे स्मार्ट स्विच बसवला तर हात आणि आवाज दोन्ही चालतात. त्यातल्या बहुतेक स्विचना न्यूट्रल वायर लागते आणि जुन्या वायरिंगच्या बोर्डात ती अनेकदा नसते, हे आधी पाहून घ्यावं. स्मार्ट बल्बच घेतला असेल तर वीज परत आल्यावर तो काय करणार, हे ठरवून ठेवावं. अनेक बल्ब वीज येताच पूर्ण उजेडाने पेटतात; रात्री दोनला लाइट आली की सगळं घर जागं होतं. सेटिंगमध्ये ‘आधीची स्थिती’ निवडली की हा त्रास टळतो.

दूरवरून यंत्र चालवायला इंटरनेटच हवं, असंही नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ बनवलं ते साध्या मोबाइल फोनवरून शेतातली मोटर चालू-बंद करण्यासाठी. 2009 मध्ये नोकियाच्या स्पर्धेत ते गौरवलं गेलं. गरज गावात जाऊन पाहिली की उपाय असा सापडतो.

आता उरतं ते मोकळं मराठी बोलणं समजण्याचं काम. होम असिस्टंट ही 2013 पासूनची मुक्त प्रणाली रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालते आणि तिच्या जोडीला व्हिस्पर हे आवाज ओळखणारं मॉडेल बसवता येतं. व्हिस्परच्या भाषांत मराठी आहे, पण इंग्रजीइतकी पक्की नाही. रास्पबेरी पाय 4 वर एका वाक्याला साधारण आठ सेकंद लागतात. अंधारात उभ्या म्हाताऱ्या माणसासाठी हा वेळ फार झाला. अधिक ताकदीचा छोटा पीसी तेच काम सेकंदाच्या आत करतो. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने मराठीसह 22 भारतीय भाषांसाठी मॉडेल खुली केली आहेत, आणि माझी आशा मुख्यतः त्यांच्यावर आहे. अशी मॉडेल एकदा उतरवून घेतली की पुन्हा नेट लागत नाही. पुण्यात भरून घेतलेला पेन ड्राइव्ह एसटीने केळदला नेला तरी पुरतो.