रक्तात ऑक्सिजन किती? बोटाला विचारा!

मुलांनो, चंदगड तालुक्यात कुणाचा मामा फौजेत, तर कुणाचा दादा. सुट्टीवर आले की ते लडाखच्या गोष्टी सांगतात. त्यात एक हमखास असते : लेहला उतरलं की आधी काही दिवस आराम. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही! भरतीसाठी रोज पहाटे उठून पळणाऱ्या गड्याला आराम कशाला?

त्याचं उत्तर हवेत आहे. हवेत ऑक्सिजन असतो 21 टक्के. चंदगडला तेवढाच, लेहला तेवढाच आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच! कमी होतो तो हवेचा दाब. गाद्यांची चळत बघा. सगळ्यात खालची गादी वरच्यांच्या वजनाने दबून घट्ट होते, वरची फुगलेली राहते. हवेचंही तसंच. चंदगड समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटर उंच, तर लेह 3500 मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांशच उरतो. म्हणजे श्वास तेवढाच घेतला, तरी ऑक्सिजन कमी मिळतो.

छातीत आलेला ऑक्सिजन पुढे नेतं रक्तातलं हिमोग्लोबिन. त्याचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू धरतो आणि एका लाल पेशीत असे सुमारे 27 कोटी रेणू असतात! त्यातल्या किती जागा भरल्या, हे सुई न टोचता कसं कळणार?

अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर क्षणभर बोट ठेवा. बोट लालभडक दिसतं ना? लाल उजेड बोटातून आरपार येतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नेमकं हेच वापरतो. तो एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं जास्त. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला हा फरक मोजायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात शोधली. कोरोनात, 2020 साली, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई हेच यंत्र घेऊन दारोदारी फिरल्या होत्या.

आपल्याकडे निरोगी माणसाच्या बोटावर 97-98 टक्के असा आकडा दिसतो. लेहला नव्याने पोचलेल्या धडधाकट जवानाचा आकडाही 90 च्या आसपास येतो. मग शरीर कामाला लागतं. श्वास वाढतो, हृदय भराभर धडधडतं, पुढच्या काही आठवड्यांत लाल पेशीही वाढतात. पण त्याला वेळ लागतो. म्हणून फौजेत टप्पे ठरलेले आहेत : 9 हजार फुटांच्या वर गेलं की 6 दिवस, 12 हजारांच्या वर आणखी 4 आणि 15 हजारांच्या वर आणखी 4.

घाई केली तर? ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आतला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपतं. खोकला येतो, बसल्या जागी धाप लागते, ओठ निळसर पडतात. तेव्हा लगेच ऑक्सिजन द्यायचा आणि माणसाला खाली आणायचं. बर्फाच्या वादळात उतरता येत नसेल, तर त्याला हवाबंद पिशवीत झोपवून आत हवा भरतात. दाब वाढतो आणि डोंगरावर असूनही शरीराला खाली उतरल्यासारखं वाटतं!

आजार बळावला, तर अतिदक्षता विभाग. तिथे यंत्र प्रत्येक ठोक्याला ‘टुक्‌’ वाजतं. ऑक्सिजन घटला की तो आवाज जाड होत जातो. सिस्टरची पाठ असली तरी त्यांना कळतं! मग मास्क, जोराच्या प्रवाहाचा ऑक्सिजन आणि तेवढ्यानं भागलं नाही, तर व्हेंटिलेटर. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. फुप्फुसं सावरेपर्यंत तो शरीराला वेळ मिळवून देतो. डोंगरावरचा आराम आणि दवाखान्यातलं यंत्र, दोन्हींचं काम एकच!

आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर. फुप्फुसात पाणी झिरपण्याचा हा उंचीवरचा आजार साधारण 2500 मीटरच्या वर होतो, तेव्हा आपले गडकिल्ले बिनधास्त चढा. न्यूमोनियात मात्र चंदगडलाही ऑक्सिजन घटू शकतो. घरात कुणाला बसल्या बसल्या धाप लागली, ओठ निळसर दिसले, तर ‘थांबू, बघू’ म्हणू नका. मोठ्यांना हाक मारा आणि 108 ला फोन करायला लावा. ती रुग्णवाहिका ऑक्सिजन घेऊनच येते.