चोवीस पावलांपलीकडे

आमच्या घरातला ग्रंथपाल एका रात्रीत मारला गेला आणि मारेकरी शोधण्यात माझी गणपतीची सारी सुट्टी खर्ची पडली. वाचकांनी दचकू नये. हा ग्रंथपाल हाडामांसाचा नव्हता. माइनक्राफ्ट नावाच्या संगणकावरच्या खेळातला, चौकोनी डोक्याचा आणि लांब नाकाचा एक गावकरी होता. पण तो गेला त्या रात्री माझी आठवीतली मुलगी जेवली नाही, हे मात्र खरे हाडामांसाचे होते.

ज्यांच्या घरी हा खेळ शिरलेला नाही त्यांच्यासाठी नमनाला थोडे तेल घालतो. मार्कुस पर्सन या स्वीडिश गृहस्थाने तो २००९ साली प्रथम लोकांपुढे ठेवला आणि २०११ साली तो पूर्णत्वाला गेला. यातले जग ठोकळ्यांचे. माती, दगड, लाकूड, सारे एकेक मीटरचे ठोकळे. ते खणायचे, रचायचे, घर बांधायचे आणि जगून राहायचे. वीस मिनिटांत एक अहोरात्र उलटते. रात्र असते साताठ मिनिटांची, पण तेवढ्यात अंधारातून नाना तऱ्हेची भुते उपजतात. त्यांत हिरव्या रंगाचा, हात पुढे करून चालणारा झोंबी हा मुख्य. (झोंबी म्हटले की मला आनंद यादव आठवतात आणि मुलांना हा प्राणी आठवतो. एका घरात दोन मराठ्या नांदतात त्या अशा.)

ते घर बहीणभावाने मिळून चार वर्षांत बांधलेले. यंदा चिरंजीव अभियांत्रिकी शिकायला परगावी वसतिगृहावर गेले आणि घर एकट्या बहिणीकडे आले. मी या खेळाला ‘वेळेची माती’ म्हणत असे. तरी जाता-येता पडद्याकडे पाहून एखादी सूचना करण्याचा मोह आवरत नसे. मास्तरकी अंगात मुरली की असे होते.

ग्रंथपालाला तिने दूरच्या गावातून होडीत बसवून आणले होते. पाचू मोजले की तो मंतरलेली पुस्तके विकतो. एका रात्री ती टेकडीपलीकडच्या खाणीत गेली. परत येऊन पाहते तो पुस्तकांच्या दालनात झोंबी उभा आणि ग्रंथपाल नाहीसा. दोन्ही दारे बंद, जिथे तिथे मशाली पेटलेल्या. तिने दुसरा ग्रंथपाल आणला. दोन दिवसांनी पुन्हा घरात झोंबी! या खेपेला ती वेळेवर पोचली म्हणून तो वाचला.

“बाबा, गेममध्ये बग आहे,” ती म्हणाली. “मी आता सगळं जगच डिलीट करून टाकते.”

सगळे जग म्हणजे भावासोबतची चार वर्षे. मी चष्मा पुसला आणि प्रथमच तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

‘बग’ या शब्दाची कथा मला ठाऊक होती. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात खरोखरीचा पतंग सापडला आणि तेथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची रीत त्याहून जुनी. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात ती आढळते. हे मी रंगवून सांगू लागलो तेव्हा कन्येने जांभई दिली. उलट तिनेच मला ऐकवले की या खेळातला क्रीपर नावाचा प्रसिद्ध राक्षस चुकीतूनच जन्मला. पर्सनला करायचे होते डुक्कर. लांबी आणि उंची यांचे आकडे उलटसुलट झाले आणि चार आखूड पायांवर उभा खांब तयार झाला. लेखनिकाच्या हातून अक्षर चुकावे आणि तोच पाठ पुढे रूढ व्हावा, तशातली गोष्ट. मला ही भारी आवडली.

पाठचिकित्सेचा एक नियम मी वर्गात शिकवतो : आधी सगळे लिहून काढा, मग शंका घ्या. उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्या घरात होत्याच. त्यांवर तारीखवार नोंदी सुरू झाल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरले.

पहिला संशय दारांवर. झोंबी लाकडी दार फोडतो, पण फक्त खेळाची काठिण्यपातळी सर्वांत वरची असेल तेव्हा. आमची मधली होती. तरी दोन्ही दारे बाहेरून दगडाने चिणून ती खाणीत गेली. परत आली तर झोंबी आत! दारे निर्दोष सुटली.

दुसरा संशय अंधारावर. एफ ३ ही कळ दाबली की पडद्यावर आकड्यांचा पाऊस पडतो. त्यात आपण उभे आहोत तिथला उजेडही मोजून मिळतो. मशालीपाशी उजेड चौदा, पुढे दर ठोकळ्यामागे एकेक कमी. पूर्वी सातपर्यंतच्या उजेडातही भुते उपजत. २०२१ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून दिव्याचा उजेड शून्य असेल तिथेच उपजतात. आम्ही खोली न् खोली मोजली. जिना चढून वरच्या पायरीवरही मोजले : नऊ. शून्य कुठेच नाही.

मग पहारा. घराच्या मध्यभागी तिने खेळातल्या तीन रात्री जागून काढल्या. काही नाही. खाणीत गेली, परतली, झोंबी हजर. पुन्हा पहारा, पुन्हा काही नाही. आता मलाही वाटू लागले, की दोष यंत्रातच आहे आणि तो आमची थट्टा करतो आहे.

शेवटी चिरंजिवांना फोन लावला. तो हसला. “अगं, तू बसलीस तर ते येणारच नाहीत. आपल्यापासून चोवीस ब्लॉकच्या आत काही स्पॉन होत नाही.”

मी कपाळावर हात मारला. वीस वर्षे मी हेच पाहत आलो आहे! मी वर्गात असलो की चिडीचूप. हजेरीपट विसरला म्हणून स्टाफरूमपर्यंत गेलो की मागे गलका उठतो. परत दारात यावे तो पुन्हा सारे साधुसंत; फक्त खडूचा एखादा तुकडा फरशीवर अजून घरंगळत असतो. पहारेकरी आहे तोवर गुन्हा घडत नाही आणि गुन्हा घडत नाही म्हणून पहारेकऱ्याला कळत नाही.

“छतावर तर येत नसतील ना?” मी मुद्दाम विचारले.

“छत उताराचं आहे, बाबा. पायऱ्यांच्या ब्लॉकवर ते उपजत नाहीत.”

म्हणजे छतही सुटले.

आता उपाय एकच : घराकडे पाहायचे, पण लांबून. घरापासून चाळीस ठोकळ्यांवर तिने दगडांचा उंच मनोरा रचला. रात्र झाली. आम्ही दोघे श्वास रोखून पडद्याकडे पाहत होतो. स्वयंपाकघरातून, जेवण गार होत असल्याची वर्दी दोनदा आली. आणि मग ती ओरडली, “बाबा, गच्ची!”

गच्चीवर जिन्याच्या तोंडातून उजेडाचा एक गोल वर आला होता. त्या गोलात एक हिरवी आकृती आली आणि पायरी पायरीने खाली उतरू लागली. झोंबीला गावकऱ्याचा सुगावा भिंतीपलीकडूनही लागतो. मुलगी मनोऱ्यावरून उतरून धावली, पण उशीर झाला होता. ग्रंथपाल मेला नव्हता, मात्र तो स्वतःच हिरवा झाला होता. तिने त्याला दालनात कोंडले आणि सरळ माझ्या खांद्यावर डोके टेकले.

उलगडा आता सोपा होता. गच्ची अठ्ठावीस ठोकळे लांब. खालच्या मशालींचा उजेड दगडी छताला अडतो. जिन्याच्या तोंडातून निसटतो तो नऊ-दहा ठोकळ्यांपुरता. पलीकडचे टोक काळेकुट्ट. आम्ही मोजले ते नेमके जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून! शिवाय सकाळी वर गेले तर काही दिसायचे नाही, कारण उरलेले झोंबी उन्हात जळून जातात. जिथे उभे राहणे सोयीचे तिथलाच आकडा आम्ही सगळ्या गच्चीचा धरला.

आणि छत उताराचे? चिरंजीव जुन्या पोथीवरून अर्थ सांगत होते. आमच्या प्रतीत पाठ बदलला होता. कोणी बदलला, ते पुरवणीत सापडले नाही. ते आमच्या नोंदींच्या आधीचे होते. कन्येने मात्र पेन घेतले आणि अगदी वर, पहिल्या ओळीत लिहिले : “ऑगस्ट. बाबा म्हणाले, घर छान आहे, पण कोजागरीला बसायला गच्ची नको का? उताराचं छत काढलं.”

त्यावर मी काय बोलणार!

ग्रंथपाल बरा होऊ शकतो, हे दादाने फोनवर सांगितले. दुर्बलतेचे रसायन अंगावर फेकायचे आणि सोन्याचे सफरचंद खाऊ घालायचे. एका सफरचंदाभोवती सोन्याच्या आठ विटा लागतात. त्या खणून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. मी शेजारी बसून मोजत होतो. रसायन पडल्यावर तो काही मिनिटे थरथरत राहिला. मग हिरवा रंग उतरला आणि आमचा लांबनाक्या जसाच्या तसा उभा. पुस्तकेही तीच, आणि बरा झालेला गावकरी उपकार स्मरून भाव उतरवतो, तसे त्याने केले. त्या रात्री कन्या दोनदा वाढून घेऊन जेवली. आमच्या सौ.नी तेवढ्यात सुनावले, की खऱ्या गच्चीवरचा दिवा गेले दोन महिने बंद आहे.

खेळातल्या गच्चीवर कठड्याच्या कडेने आणि मधोमध असे सोळा कंदील लागले. कुठेही मोजा, शून्य नाही. तिने त्या उजळलेल्या गच्चीचे चित्र दादाला पाठवले. लगेच उत्तर आले : “मस्त! पण गच्ची कोणी केली?”

तिने माझ्याकडे पाहिले. मी पुरवण्या गोळा करू लागलो.