पूर्ण वर्तमानकाळ आणि कालवाचक क्रियाविशेषणे

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाचे रूप पाठ असते. चूक होते ती कालवाचक शब्द योजताना. आटगाव स्थानकातून कसाऱ्याची गाडी नुकतीच सुटली असेल, तर 'द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट' असे म्हणतात. 'जस्ट', 'नेव्हर' ही क्रियाविशेषणे सहायक व मुख्य क्रियापदांच्या मध्ये येतात. 'येट' बहुधा नकारार्थी वा प्रश्नार्थक वाक्याच्या शेवटी येते.

'गाडी दहा मिनिटांपूर्वी गेली आहे' हे मराठीत चालते. इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ मात्र घटनेचा वर्तमानाशी असलेला संबंध सांगतो, तिची निश्चित वेळ नव्हे; म्हणून 'अगो', 'यस्टर्डे' येताच साधा भूतकाळ योजावा लागतो : 'द ट्रेन लेफ्ट टेन मिनिट्स अगो'.

मराठीतील एका 'पासून'साठी इंग्रजीत दोन शब्द आहेत : कालावधीसाठी 'फॉर', आरंभबिंदूसाठी 'सिन्स'. 'दोन वर्षांपासून राहतो' याचे शब्दशः भाषांतर केल्याने 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स' असे चुकीचे वाक्य तयार होते. योग्य वाक्य 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स' हे होय.

मुलाखतीत अशी चूक अज्ञान समजली जाते. वस्तुतः तो मातृभाषेच्या नियमाचा ठसा असतो. म्हणून दोन्ही भाषांचे नियम शेजारी ठेवून शिकविणे हितावह ठरते.