पवित्र शास्त्रातील विवाह, लेखांक ४ : सूटपत्र

गेल्या आठवड्यात आपण उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातल्या ‘एकदेह’ या शब्दापाशी थांबलो होतो. परूश्यांना उत्तर देताना येशूने हाच शब्द पुढे केला. मत्तयाच्या १९व्या अध्यायात त्यांचा प्रश्न आहे, वाटेल त्या कारणाने बायको टाकता येते का?

प्रश्नामागे जुना वाद होता. पत्नीत काही अनुचित आढळले तर नवऱ्याने सूटपत्र लिहून तिच्या हाती द्यावे, असे अनुवादाच्या २४व्या अध्यायात आहे. अनुचित म्हणजे काय? शम्मयच्या परंपरेत बदफैलीच. हिल्लेलच्या परंपरेत कालवण बिघडवले तरी पुरे. मिश्नात तशी नोंद आहे. शिवाय मार्क सांगतो त्याप्रमाणे येशू तेव्हा यार्देनेपलीकडच्या मुलखात होता. तिथे सत्ता हेरोद अंतिपाची. भावाच्या बायकोशी केलेल्या लग्नाबद्दल त्याला बोल लावणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाला होता. उत्तर जिवावर बेतू शकत होते.

मराठी बायबलने इथे ‘टाकणे’ हे क्रियापद वापरले, ते मला फार नेमके वाटते. टाकलेली बाई म्हणजे काय, हे आपल्या गावांना समजावून सांगावे लागत नाही. सूटपत्र लिहिण्याचा अधिकार पुरुषाचा. त्याने ते न देताच घराबाहेर काढले, तर तिला दुसरे लग्नही करता येत नसे. मोशेच्या नियमाने निदान तो कागद तिच्या हाती पडत होता. येशूने मात्र त्या मुभेचे मूळ नवऱ्यांच्या कठीण अंतःकरणात दाखवले.

मत्तयात जारकर्माचा अपवाद आहे, मार्क आणि लूकमध्ये नाही. चर्चपरंपरांचे मतभेद बरेचसे इथूनच सुरू होतात.

पण ते उत्तर ज्याच्या हाती कागद होता, त्याला दिलेले होते. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला तेच वचन ऐकवून परत धाडणे मला येशूच्या विरोधात जाणे वाटते. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायात सूटपत्राचा निषेध आणि वस्त्राला लागलेल्या हिंसेचा निषेध एकाच वचनात येतात. उपदेशात पहिला भाग पुष्कळदा ऐकला, दुसरा क्वचित.

आपल्या कायद्यातही हा कल होता. १८६९च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. छळ किंवा त्याग सोसलेल्या पत्नीला मात्र त्याच्या जोडीला पतीचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ती अट मोडली आणि २००१च्या दुरुस्तीने पती-पत्नीला सारखीच कारणे दिली.

विश्वास न ठेवणारा जोडीदार स्वतःहून निघून गेला तर मागे राहिलेल्याने काय करावे, हे पौलाने करिंथकरांना लिहिले. ते पत्र पुढच्या लेखांकात.