ऑपरेशननंतरचा धीर: समजुती आणि खरं काय

कोल्हापुरात कुणाचं ऑपरेशन झालं की तो माणूस एकटा पडत नाही. सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डात शाहूवाडी, राधानगरी, चंदगडहून आलेले पाहुणे असतात, राजारामपुरीतल्या खासगी दवाखान्याच्या जिन्यात अख्खी गल्ली उभी असते. ही माया फार मोलाची आहे. पण तिच्याबरोबर काही समजुतीही वॉर्डात शिरतात आणि त्यांचा त्रास रुग्णाला सोसावा लागतो.

पहिली समजूत अशी की धीर देणं ही नुसती रीत, बरं करतात ती औषधंच. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात भूलतज्ज्ञ लॉरेन्स एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. पोटाचं ऑपरेशन होणार होतं अशा 97 रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना भूलतज्ज्ञानं आदल्या रात्री जवळ बसून सगळं सांगितलं: उद्या कुठं दुखेल, किती दुखेल, पोटाचे स्नायू सैल कसे सोडायचे, हातांचा आधार घेऊन कुशीवर कसं वळायचं. ऑपरेशननंतरही त्यांची अशीच विचारपूस होत राहिली. बाकीच्यांना दुखण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. 1964 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ज्यांना नीट सांगितलं, त्यांना वेदनेची तीव्र औषधं निम्म्यानंच लागली. कोण कुठल्या गटात आहे हे सर्जनना माहीत नव्हतं, तरी त्यांनी या रुग्णांना सरासरी 2.7 दिवस आधी घरी सोडलं.

हा धीर पोकळ नव्हता, हे महत्त्वाचं. दुखेल असं खरं सांगून, त्यावर काय करायचं तेही शिकवलं होतं. आपण मात्र कळ सोसणाऱ्याला “काय हुत न्हाई, वाघासारखं ऱ्हायचं” म्हणतो आणि त्याचं तोंड बंद करतो. त्यापेक्षा “कुठं दुखतंय? सिस्टरना बोलवू का?” असं विचारलं तर त्याला खरा आधार वाटतो. आणि “आमच्या मेहुण्याचं अस्संच ऑपरेशन झालं, पण पुढं बिघडलं” ही हकिगत कृपा करून दाराबाहेरच ठेवावी.

दुसरी समजूत जेवणाच्या डब्यातली. “आंबट देऊ नका, टाकं पिकत्यात.” मग लिंबू बंद, भात बंद, तुरीची डाळ बंद, आणि आधीच अशक्त झालेला माणूस नुसत्या चहा-बिस्किटांवर. टाक्यांत पू होतो तो जंतूंमुळे. न धुतलेले हात, ताब्यात नसलेली साखर, ड्रेसिंग उघडून टाकलेली हळद यांनी तो धोका वाढतो. तंबाखू आणि मिश्रीतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे जखम भरायला उशीर लागतो. लिंबाचं तर उलटंच आहे. बोस्टनचेच तरुण सर्जन जॉन क्रॅन्डन यांनी 1939-40 च्या सुमारास स्वतःवर प्रयोग केला. त्यांनी क जीवनसत्त्व नसलेला आहार घेतला आणि पाठीवर मुद्दाम छेद करवून घेतले. तीन महिन्यांनी केलेली जखम भरली. सहा महिन्यांनी केलेली आतून भरेचना. क जीवनसत्त्व दिल्यावर तीच जखम भरून आली. जखम सांधणारं कोलॅजन या जीवनसत्त्वाशिवाय नीट तयारच होत नाही. डाळ, अंडी, दूध, मटणाची अळणी यांतली प्रथिनंही त्याच कामी येतात. आतड्याचं ऑपरेशन असेल, मधुमेह किंवा किडनीचा विकार असेल, तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेलंच पथ्य पाळायचं. खोबऱ्याच्या दुधाचा पांढरा रस्साही पहिल्या दिवसांत नको, तो पचायला जड असतो.

“हलू नगंस, टाकं तुटतील” हेही बहुतेक वेळा खरं नसतं. पडून राहिल्यानं पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ शकतात, छातीत कफ साठतो. म्हणून डॉक्टर लवकर उठवतात, चालवतात. पोटावर उशी दाबून खोकायला सांगतात. त्यासाठी वेदना आटोक्यात हवी, म्हणून लिहून दिलेली गोळी “किडनीला वाईट” म्हणून परस्पर बंद करू नये. शंका डॉक्टरांनाच विचारावी.

शेवटची समजूत मला सगळ्यात जास्त टोचते. सत्तरी ओलांडलेली आजी ऑपरेशननंतर रात्री असंबद्ध बोलते, मुलाला ओळखत नाही, सलाईन ओढते. घरचे घाबरतात, “बाहेरचं काहीतरी” म्हणतात. हा भ्रम वृद्धांमध्ये ऑपरेशननंतर बऱ्याचदा होतो आणि पुष्कळदा उतरतो. त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, कमी पडलेला ऑक्सिजन, एखादं औषध अशी कारणं असू शकतात, म्हणून ते लगेच तपासावं लागतं. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण आधी सिस्टरना हाक मारा.

आणि इथं नातेवाईकांची माया खरोखर उपचाराचं काम करते. येल विद्यापीठाच्या शॅरन इनोये यांनी 1999 मध्ये 852 वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते ऑपरेशनचे नव्हते, इतर आजारांसाठी दाखल झालेले होते. नेहमीच्या देखभालीत 15 टक्के जणांना भ्रम झाला. जिथं दिवस-वेळेची आठवण करून देणं, चालवणं, पुरेसं पाणी, निवांत झोप, चष्मा आणि कानाचं यंत्र यांकडे लक्ष दिलं, तिथं 9.9 टक्क्यांना. म्हणजे आजीचा चष्मा घरी कपाटात राहिला असेल, तर पुढच्या डब्याबरोबर तो पाठवा. भेटायला दहाजण एकदम न जाता एकेकानं हात धुऊन जा, सर्दी-खोकला असेल तर फोनच करा. “आज गुरुवार, सकाळचे नऊ वाजलेत, मी तुमची सून” असं शांतपणे सांगा. आणि रात्री दिवा मालवून त्यांना झोपू द्या.