दोन डिस्क होत्या, तरीही...

निवृत्तीनंतर आमच्या चाचांनी एकच काम मनावर घेतले होते. पेटीतले जुने निकाहनामे, जमिनीचे उतारे, दादांनी आफ्रिकेहून पाठवलेली उर्दू पत्रे, लग्नांचे फोटो, सारे स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवायचे. मरहूम दादांच्या आवाजातली सूरह यासीनची कॅसेटही त्यांनी उतरवून घेतली. चाची हयात असताना तिला शेजारी बसवून, जुन्या ग्रुप फोटोंत कोण कोण उभे आहे ते विचारून टाइप केले. ती यादी चौदा पानांची झाली होती. हार्ड डिस्कचा भरवसा नाही असे कोणीतरी म्हणाले, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाकडून त्यांनी दोन डिस्क बसवून घेतल्या. एकीवर जे लिहिले जाई ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाई. चाचा निर्धास्त झाले.

मग एका रमजानपूर्वी आवराआवर करताना त्यांनी एक फोल्डर जादा प्रत समजून शिफ्ट दाबून डिलीट केला. तो मूळ फोल्डर निघाला. एका डिस्कवरून गेला आणि त्याच क्षणी दुसरीवरूनही गेला. लक्षात यायला आठवडा लागला. तोवर नातवंडांचे व्हिडिओ त्याच जागी उतरवून झाले होते, त्यामुळे फाइली परत काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती तुकडेच लागले. (असे कधी झाले तर त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. कॉम्प्युटर बंद करून जाणकाराला बोलवा.)

दुकानदार मुलाची चूक नव्हती. त्याने जे बसवले त्याला मिररिंग म्हणतात, म्हणजे आरसा. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली ‘रेड’ या नावाने डिस्क जोडण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांतली पहिली हीच. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढाच तिचा हेतू. आरसा समोरचे दाखवतो, कालचे दाखवत नाही. तुम्ही पुसले की तोही पुसतो. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या कॉम्प्युटरांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तशा हल्ल्यात दोन्ही डिस्कवर एकाच वेळी कुलूप पडते. आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले, तेव्हा एकाच डब्यातल्या दोन डिस्क म्हणजे पाण्याला एकच डिस्क.

तरी आरसा निरुपयोगी नाही. घरून अकाउंटचे किंवा शिवणकामाच्या डिझाइनचे काम चालत असेल तर जरूर करावा. विंडोज १० आणि ११ मध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ आहे. त्यात ‘टू-वे मिरर’ निवडायचा. दोन टीबीच्या दोन डिस्क जोडल्या तर जागा दोन टीबीचीच मिळते. मात्र जोडताना दोन्ही डिस्क कोऱ्या होतात, म्हणून आधीचा माल दुसरीकडे काढून ठेवावा. एक डिस्क मेली तरी कॉम्प्युटर तसाच चालत राहतो. हाच त्यातला धोका, कारण तिकडे महिनोन्‌महिने कोणी पाहतच नाही. दर महिन्याला ते पान उघडून दोन्ही डिस्क ठीक आहेत ना ते पाहावे.

खरा बॅकअप वेगळा. त्यासाठी केबलने जोडायची एक बाहेरची डिस्क घ्या आणि विंडोजमधली ‘फाइल हिस्टरी’ सुरू करा. ती फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तारखेनिशी जपते, म्हणजे आज पुसलेली फाइल गेल्या आठवड्यातून काढता येते. तिचे लक्ष डेस्कटॉप आणि लायब्ररींवरच असते, म्हणून वेगळ्या डिस्कवरचा फोल्डर ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ करून जोडावा लागतो. चाचांकडे हे असते तर चाचीची यादी वाचली असती. काम झाले की केबल काढून डिस्क कपाटात. जोडलेलीच राहिली तर खंडणीवाला तिलाही सोडत नाही.

मोबाइलवाल्यांना वाटते, आपले सारे गूगल फोटोजवर आहे. फुकट जागा १५ जीबी, तीही ईमेल आणि ड्राइव्ह मिळून. शिवाय फोनमधल्या त्या ॲपमधून फोटो काढून टाकला तर तो तिथूनही जातो, कचराकुंडीत साठ दिवस राहतो आणि मग संपतो. तोही एक आरसाच.

तिसरी प्रत घराबाहेर हवी. आम्ही आता दोन बाहेरच्या डिस्क ठेवतो. एक घरी, एक आपाच्या सासरी, दुसऱ्या गावात. ईदला ती आली की अदलाबदल. पण रमजान ईद आणि बकरी ईद यांत जेमतेम सत्तर दिवस, पुढे नऊ-दहा महिने काहीच नाही, म्हणून मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत आणखी एकदा.

घराबाहेर डिस्क द्यायची म्हटल्यावर अम्मीचा पहिला प्रश्न होता, बायकांच्या बाजूचे लग्नाचे फोटो त्यात आहेत, ते कोणी पाहिले तर? प्रश्न अगदी रास्त. दुसऱ्यांच्या लेकीसुनांचे फोटो आपल्याकडे अमानत आहेत. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ आहे. होम आवृत्ती असेल तर ‘व्हेराक्रिप्ट’ मोफत मिळते. पासवर्ड दिल्याशिवाय डिस्क उघडतच नाही. तो पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवा. विसरलात तर तुमचीच डिस्क तुम्हाला परकी. दुरुस्तीला कॉम्प्युटर देतानाही हेच कुलूप उपयोगी पडते.

आणि वर्षातून एकदा तरी बॅकअपमधली एखादी फाइल परत काढून, उघडून पाहा. आमची पहिली बाहेरची डिस्क सहा महिने कपाटात जपली होती. उघडली तेव्हा त्यात फोल्डरांची नावे होती, फोटो नव्हते.

चाचांच्या गेलेल्या फोल्डरातली दादांची किराअत परत मिळाली. कुवेतला असलेल्या मुलीने ती सहज ऐकायला म्हणून पेन ड्राइव्हवर नेली होती. पत्रे पेटीत होती, ती पुन्हा स्कॅन होत आहेत. यादी मात्र गेली. सध्या चाचा रोज मगरिबनंतर दापोलीच्या थकलेल्या फुफींना व्हिडिओ कॉल लावतात आणि फोटो स्क्रीनसमोर धरतात. एकेचाळीस जणांच्या एका फोटोत अकरा नावे लागली आहेत.