हँडल मारून हात दुखले, पण इंजिन सुरू होईना: शेतातलं डिझेल इंजिन समजून घेऊ

(या भागाचं थोडं नीट केलेलं लिखित रूप. बांधावर उभं राहून वाचायचं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

आजचा विषय आहे एक सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन. गोंदिया जिल्ह्यात राहत असाल तर ते तुम्ही नक्की पाहिलंय. वैनगंगेच्या काठावर, नाल्यावर, बोडीच्या पाळीवर धक-धक करत पाणी उपसतं, तेच. वीजपंप आले, सोलर आलं, तरी जिथे वायर पोहोचत नाही आणि जिथे ऐन वेळी लाईन जाते, तिथे आजही यालाच हाक मारली जाते.

आणि ती वेळ कुठली असते? पाऊस हात आखडता घेतो आणि बांधीतलं धान गर्भात असतं तेव्हाची. रोवणी चार दिवस पुढे ढकलता येते. पण लोंबी बाहेर पडायच्या वेळी पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. मग नंतर कितीही पाणी द्या, गेलेला दाणा परत येत नाही. मिस्त्री तालुक्याला, तो येणार परवा, आणि पीक तर आज तहानलेलं. म्हणून सुरुवातीची तपासणी आपली आपल्याला यायला हवी.

इंजिनाला फक्त तीन गोष्टी लागतात

पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग असतो, ठिणगी पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नाहीच. पिस्टन वर येताना आतली हवा साधारण सोळा ते वीस पट दाबतो. सायकलचा पंप मारताना त्याचं तोंड गरम होतं ना, तसंच, पण इथे हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की ते आपोआप पेटतं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने असं इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखवलं. आपल्याकडे पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. गावागावात हे इंजिन पोहोचलं त्यात तिचा मोठा वाटा आहे. मधल्या काळात बरंच काही बदललं, पण तत्त्व तेच राहिलं: स्वच्छ हवा, भरपूर दाब, आणि योग्य वेळी स्वच्छ डिझेल. इंजिन सुरू होत नसेल तर या तिघांपैकी एक गैरहजर आहे. तो कोण, एवढंच शोधायचं.

सुरूच होत नाही? या क्रमाने जा

क्रम महत्त्वाचा आहे. फुकटातलं आधी बघायचं, खर्चाचं शेवटी.

पहिलं, टाकी. डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, बंद करायचा लीव्हर बंदवरच तर राहिला नाही ना? हसू नका, असं होतं. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं, तेही बघा. ते मातीने बुजलं की इंजिन सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं चालतं आणि दम कोंडल्यासारखं बंद पडतं.

दुसरं, एअर. टाकी एकदा कोरडी झाली किंवा फिल्टर बदलला की डिझेलच्या नळीत हवा शिरते. ‘इंजिनाने एअर घेतली’ म्हणतात ते हेच. हवा दाबली जाते, म्हणून पंप कितीही ढकलू दे, नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. उपाय सोपा आहे. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा सैल करा. आधी बुडबुडे येतील, मग सलग डिझेल. सलग धार आली की आवळा. मग पंपाजवळचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नट अर्धा फेरा सैल करून हळूहळू हँडल फिरवा. डिझेल आलं की घट्ट करा. आता हँडल फिरवताना नोझलमधून ‘कर्र, कर्र’ आवाज ऐकू आला तर समजा फवारा पडतोय.

एक सूचना इथेच. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा मोह होतो, पण त्यासमोर बोट कधीच धरू नका. तो दाब इतका असतो की डिझेल कातडी भेदून आत घुसतं. वरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत मात्र बोट सडू शकतं. तसं झालं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

तिसरं, हवा. एअर क्लीनर उघडा. चुरणीच्या दिवसांत त्यात इतका भुसा बसतो की इंजिनाला श्वास घेता येत नाही. ऑइलवाला असेल तर खालचा गाळ काढून ताजं ऑइल ठरलेल्या खुणेपर्यंत भरा.

चौथं, दाब. डिकॉम्प्रेशन लीव्हर न उचलता हँडल हळू फिरवा. हाताला जोरदार अडकाव जाणवला पाहिजे. हँडल सैल, भिरभिर फिरत असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटचं दुखणं आहे. इथे थांबा, मिस्त्रीला फोन लावा.

फ्यूल पंप आणि नोझलची आतली खोलाखोल बांधावर करू नका. ते भाग केसाहून बारीक मापाने बसवलेले असतात. धुळीचा एक कणही त्यांना पुरतो.

धुराचा रंग वाचा

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: एअर क्लीनर तुंबलाय, नोझल टपकतंय किंवा इंजिनावर झेपेना इतका भार आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा झिजल्या असतील. थंड इंजिनाचा सुरुवातीचा पांढरा धूर ठीक आहे. पण इंजिन तापल्यावरही तो थांबेना, आणि थंड करायचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जातंय.

इंजिन चालतं, पण पाणी येत नाही

मग दोष इंजिनाचा नाही, पंपाचा आहे. फूट व्हॉल्व्ह, ज्याला गावात सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात, त्यात काडीकचरा अडकलाय का बघा. सक्शन पाइपला चीर असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.

आणि खोली मोजा. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. तो जास्तीत जास्त १० मीटरपर्यंत पुरतो, आणि प्रत्यक्षात ६-७ मीटरच धरायचे. उन्हाळ्यात विहीर त्याखाली गेली की लोक काय करतात? इंजिनच विहिरीत उतरवतात.

मंडळी, हे करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत तो साचतो आणि खाली गेलेला माणूस हाक मारायच्या आधी कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. कंदील सोडून बघितला तरी हा वायू कळत नाही. कुणी खाली पडलेला दिसला तर स्वतः उतरू नका, ११२ ला फोन करा. बंद खोलीत इंजिन चालवण्याचा धोकाही हाच.

दुखणं येण्याआधी

रोज सुरू करण्यापूर्वी सपाट जागी डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळतंय. दोन्ही वेळा इंजिन चालवू नका. ऑइल किती तासांनी बदलायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. ते तास मोबाइलच्या नोट्समध्ये लिहीत जा.

डिझेल स्वच्छ कॅनमध्ये आणा, रात्रभर स्थिर ठेवा, तळाचा गाळ टाकीत ओतू नका. काम संपल्यावर टाकी भरून ठेवली तर रिकाम्या जागेत दव धरून पाणी होत नाही. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं.

हंगाम संपला की थंड करायचं पाणी काढून टाका, ऑइल बदला, आणि हँडल फिरवून पिस्टन दाबाच्या जागी आणून थांबवा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे सिलिंडरमध्ये दमट हवा जात नाही. सायलेन्सरचं तोंड झाका, नाहीतर पावसाचं पाणी आणि उंदीर दोघेही आत घर करतील.

हीच यादी शिडाच्या छोट्या होडीतल्या इंजिनालाही लागू पडते. ते समुद्राच्या पाण्याने थंड होत असेल तर नावाडी सुरू केल्या केल्या बाहेर पाणी पडतंय का ते आधी बघतो. वारा पडल्यावर भर पाण्यात मिस्त्री कुठून आणणार?

शेवटचं, मोबाइलवाल्यांसाठी. काहीही उघडण्याआधी फोटो काढा, जोडताना कामी येतो. इंजिनावरच्या नंबर प्लेटचा फोटो जपून ठेवा, दुकानात पार्ट मागताना तोच लागतो. आणि इंजिन चांगलं चालत असतानाचा अर्धा मिनिट आवाज आजच रेकॉर्ड करा. बिघडल्यावर मिस्त्रीला दोन्ही आवाज पाठवा. फरक ऐकून तो कदाचित योग्य पार्ट घेऊनच निघेल, आणि तुमची एक चक्कर वाचेल.

हा भाग घरी इंजिन असलेल्या मित्राला पाठवा, धान गर्भात यायच्या आधी. भेटू पुढच्या भागात!